सिस्टीमचं ऐकायचं की माणसाचं?

सिस्टीम एक सांगते आणि अनुभवी माणूस दुसरंच, तर कुणाचं ऐकायचं? हल्ली स्क्रीनवर आलं की विषय संपला, परत कुणी तपासतच नाही, मला भीती वाटते याची.

> 26 सप्टेंबर 1983 बघा. सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची 5 मिसाईल्स येताहेत असं दाखवलं, ड्युटीवरचे सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांना वाटलं खरा हल्ला असता तर फक्त 5च कशाला सोडतील, म्हणून त्यांनी फॉल्स अलार्म कळवला. ढगांवरून चमकलेल्या उन्हाने सॅटेलाईट फसला होता!!

> पण माणूसही चुकतोच की, थकतो, घाबरतो

> चुकतो ना, पण त्याला जाब विचारता येतो. ब्रिटनमध्ये होरायझन सॉफ्टवेअरने पोस्टाच्या हिशोबात खोटी तूट दाखवली आणि शेकडो निर्दोष पोस्टमास्तर दोषी ठरले, ते बिचारे ओरडून सांगत होते पण कोर्टानेही कॉम्प्युटरच खरा धरला.