मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० च्या मीटरला उजळणारी डायल बसवावी का?

नमस्कार मंडळी,

वडिलांची कार्बोरेटरवाली ८०० आहे, मुक्काम देवगड. मीटरमागचे बल्ब नवे घातले, तरी पिवळट पडलेले आकडे रात्री नीट दिसत नाहीत. वडील अजून स्वतः गाडी चालवतात, फोंडा घाटाने कोल्हापूरला जातात. त्यांना वेग एका नजरेत कळायला हवा. शोभेचा प्रश्न नाही.

ऑनलाइन दोन प्रकार दिसतात. एक ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट) डायल: कागदासारखी पातळ, वीज दिली की स्वतःच उजळणारी. सोबत छोटा इन्व्हर्टर असतो, तो १२ व्होल्ट डीसीचे साधारण १०० व्होल्ट एसी करतो. दुसरी अर्धपारदर्शक छापील डायल, मागे एलईडी लावायचे. ईएलचा उजेड सगळीकडे सारखा पडतो, म्हणून मन तिकडे ओढ घेतं. पण इथली खारी, दमट हवा! पावसाळाभर मीटरच्या काचेला आतून दव धरतं. काट्यासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेतून ओल शिरली तर ईएल किती टिकेल?

दुसरी धास्ती काट्याची, कारण डायल बदलायला तो काढावा लागतो. वेगाच्या काट्यामागची नाजूक स्प्रिंग ताणली गेली, तर मीटर कायमचं चुकीचं दाखवणार. आमचा वायरमन म्हणतो, दोन चमचे घालून उचलू. मला धीर होत नाही. कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

उत्तर:

दादा, किनाऱ्यावर ईएल नकोच. ओल लागली की त्यातला फॉस्फर (उजेड देणारा थर) काळवंडतो, शिवाय इन्व्हर्टरची बारीक शिट्टी कानाशी सुरू राहते. छापील डायल घ्या आणि जुन्याच होल्डरात एलईडी बसवा. पेटला नाही तर उलटा करून घाला, त्याला प्लस-मायनस असतं. रंग पिवळसर घ्या. निळा रात्री डोळ्यांवर येतो, वयस्कर माणसाला तर जास्तच.

दव धरतंय म्हणता, तर आधी पुढच्या काचेचं रबर तपासा. तिथून पाणी डॅशमागे उतरत असेल तर कुठलीच डायल टिकणार नाही.

चमच्यांची रीत बरोबर आहे, फक्त खाली पुठ्ठा ठेवा आणि दोन्हीकडून सारखा जोर लावून काटा सरळ वर काढा, पिळू नका. पण त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. शून्यापाशी काटा खिळीवर टेकलेला असतो, स्प्रिंगचा ताण तिथे अडवलेला असतो. काटा हलकेच खिळीवरून उचलून पलीकडे सोडा. तो आपसूक जिथे थांबेल, तिथे मास्किंग टेपवर खूण करा. नवी डायल घातल्यावर काटा त्याच खुणेवर दाबायचा आणि मग खिळीवर परत चढवायचा. थेट शून्यावर बसवलात तर वेग चुकणारच. पेट्रोलच्या काट्याची खूण मात्र चावी ऑन ठेवून करा.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर ४० आणि ६० ला फोनच्या जीपीएसशी ताडून बघा, मगच मीटरचे स्क्रू आवळा.