१०×५० (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगाच्या) बायनॉक्युलरमधून देवयानी दीर्घिका कशी शोधायची?

प्रश्न: नोव्हेंबरात अमावास्येला भीमाशंकरला जायचं ठरतंय. देवयानी (मेसिएच्या यादीतली एम ३१) नेमकी कुठे बघायची? फोटोतल्यासारखे सर्पिल बाहू दिसतात का?

प्रतिसाद १: रात्री नऊच्या सुमारास भाद्रपदांचा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन जवळपास डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडेच सरका. एक मंद तारा सोडला की तांबूस मिराक तारा लागतो. तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या बाजूला काटकोनात वळा: आधी म्यू नावाचा तारा, मग त्याहून मंद न्यू. न्यूच्या शेजारीच पांढुरका लांबट डाग दिसेल, तीच देवयानी. मिराक आणि म्यू एकाच दृश्यात मावतात, त्यामुळे वाट चुकत नाही.

प्रतिसाद २: बाहू दिसणार नाहीत, आधीच सांगतो. कॅमेरा कितीतरी मिनिटं प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. दिसतो तो तेजस्वी गाभा आणि भोवतीची फिकट झाक. दीर्घिकेचा पूर्ण विस्तार साधारण ३ अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवल्याइतका! डाग सापडला की नजर किंचित बाजूला ठेवा, कडा लगेच वाढलेल्या दिसतात. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, हे मात्र बघताना जरूर आठवा.

प्रतिसाद ३: बहुतेकांचं बिनसतं ते फोकसमध्ये. मिराक टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत फोकस करा, मगच पुढे सरका. अंधारात २०-३० मिनिटं मोबाइल बंद. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. आणि सतरंजीवर आडवे होऊनच बघा, उभ्याने हात थरथरतात.