प्रतिसाद: धर्म खाजगी असेल, पण सातबारा सार्वजनिक आहे

धर्म ही खाजगी बाब आहे, 'धर्म घरात ठेवा', असं मत मांडलं जातं. ते मराठवाड्यात अपुरं पडतं. इथे देवळाचा दिवा आणि दर्ग्याची खिदमत (सेवा) निजामकाळापासून खिदमतमाश, म्हणजे सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनीवर चालत आली. ती जमीन सेवेसाठी, सेवेकऱ्याच्या मालकीची नव्हे.

घोळ वारस फेरफारात, म्हणजे सेवेकऱ्यानंतर त्याच्या वारसाचं नाव लावण्याच्या नोंदीत होतो. कब्जेदार म्हणून पुजाऱ्याचं किंवा मुजावराचं (दर्ग्याच्या सेवेकऱ्याचं) नाव चढतं, देवस्थान सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त सरकतं, पुढच्या फेरफारात गळतं आणि जमीन विकली जाते. म्हणून मुंतखब (इनामाचा अधिकृत दाखला), 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी महसूल नोंद) आणि सगळे फेरफार ओळीने लावून बघा. नाव कुठे गळालं ते तिथेच सापडतं. नोंदणीकृत देवस्थानाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36) विकता येत नाही. शेतजमिनीचा दहा वर्षांवरचा भाडेपट्टाही नाही. वक्फ (मुस्लिम धर्मादाय) जमिनीचा कायदा वेगळा. गावानं हे वाद मिरवणुकीत नाही, महसूल कार्यालयाकडे कागद मागून सोडवावेत.