पाण्याचा नमुना नापास झाला, तर ग्राहकाला त्याच दिवशी कळवायलाच हवं

रांजणवाली:
जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण एकदम वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडत होते. तेव्हापासून माझं एकच मागणं आहे. नमुना नापास झाला की त्या भागातल्या प्रत्येक नळजोडणीला मेसेज जावा. पाणीपट्टी थकली की एसएमएस येतो, म्हणजे नंबर आहेतच. अमेरिकेत तातडीचा धोका असेल तर 24 तासांत कळवायचं बंधन आहे.

निवृत्त उपअभियंता:
ताई, तिथे नियम असूनही फ्लिंट शहरात 2014 पासून लोक दीड वर्ष शिसं मिसळलेलं पाणी पीत राहिले. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. जंतूंच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात. अहवाल हातात येतो तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं आणि दुसरा नमुना कधीकधी चांगला निघतो. मेसेज गेला की लोक घाबरून जार मागवतात. पुण्यात खासगी आरओ प्रकल्पही सील करावे लागले, हे विसरू नका. नळाऐवजी त्याहून वाईट पाणी लोकांच्या पोटात जायचं.

वाडीवरची:
साहेब, क्लोरीनला कुठे दोन दिवस लागतात? माझे वडील गावात जलसुरक्षक होते. शेवटच्या नळाचं पाणी ट्यूबमध्ये घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणारं औषध ते. पिवळं झालं की घरी यायचे. पांढरंच राहिलं की तसेच टाकीवर, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घेऊन. आणि वाटेत दारोदार सांगत जायचे, "आज उकळून प्या." कुणी घाबरलं नाही. उकळून प्यायले.

निवृत्त उपअभियंता:
हे पटलं. नळाशी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीन आलं तर त्याच दिवशी कळवा, माझी हरकत नाही. जंतूंचा अहवाल मात्र फेरतपासणीशिवाय पाठवू नये, या मतावर मी ठाम आहे.

रांजणवाली:
मला नाही पटत. फेरतपासणी होईपर्यंत पाणी उकळलं तर गॅस जास्त जाईल, एवढंच ना? घरात तान्हं मूल असलेल्या बाईला तो निर्णय स्वतः घेऊ द्या.

भाडेकरू, तिसरा मजला:
आमच्याकडे जोडणी सोसायटीच्या नावावर. मेसेज जाईल सेक्रेटरींना, ते असतात बंगळूरला. लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहायचं कुणी, हेही त्या नियमात घाला.