शब्दचर्चा: कार्टून काढणं, गिरवणं, भरणं, रंगवणं

रेघोटी
पाचवी ते सातवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. विषय असा: कागदावर पेन्सिलीने एक कार्टून काढायचं, त्याचा फोटो किंवा स्कॅन संगणकावर घ्यायचा आणि गिंप किंवा क्रिटामध्ये ते पक्कं करून रंगवायचं. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, म्हणून तीच निवडली. पात्रही ठरलंय, छत्री घेतलेला बेडूक.

चित्राची अडचण नाही, शब्दांची आहे. ‘लेअर’, ‘आउटलाइन’, ‘फिल’, ‘शेडिंग’, ‘ओपॅसिटी’, ‘मास्क’ हे सगळं जसंच्या तसं लिहिलं तर वाक्यात मराठी म्हणून फक्त ‘करा’ उरतं: लेअर सिलेक्ट करा, फिल करा, शेड करा. सगळं भाषांतरित केलं तर मूल पडद्यावर ‘स्तर’ शोधत बसेल. तुम्ही काय वापरता? आणि मुळात ‘कार्टून’ला ‘व्यंगचित्र’ म्हणू का?

शाईपेन
पडद्यावर जे नाव दिसतं ते तसंच ठेवा. मुलाला बटण सापडलं पाहिजे.

ड्रॉइंगच्या बाई
शाईपेन, बटणांपुरतं बरोबर आहे. पण रेघोटीताईंची खरी तक्रार त्या ‘करा’बद्दल आहे, आणि ती रास्त आहे. बटणाचं नाव हे नाम असतं. काम सांगायला क्रियापद लागतं आणि चित्रकामाची क्रियापदं मराठीत भरपूर आहेत. मी अनेक वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवते, त्यामुळे रोजच्या वापरातले सांगते.

‘काढणं’ सगळ्यात मोकळा शब्द. बेडूक काढ, घर काढ. ‘रेखाटणं’ म्हणजे हलक्या हाताने, पुसण्याची तयारी ठेवून काढणं. ‘आखणं’ पट्टीने होतं, म्हणून चौकट आखतात, बेडूक आखत नाहीत. ‘गिरवणं’ म्हणजे आधी असलेल्या रेघेवरून पुन्हा हात फिरवणं. तुमच्या पुस्तिकेतली दुसरी पायरी नेमकी हीच आहे: स्कॅन खाली ठेवायचा, वर कोरा लेअर घ्यायचा आणि त्यावर पेन्सिलीची रेघ ब्रशने गिरवायची. ‘ट्रेस करा’ कशाला? ‘गिरवा’ म्हटलं की मुलाला काय करायचं ते त्या क्षणी कळतं.

आता रंग. रंग ‘देतात’ भिंतीला, दाराला, होडीला. तिथे एकच रंग सगळीकडे जायचा असतो. रंग ‘लावतात’ गालाला, शिंगांना. रंग ‘भरतात’ तो बंद आकारात, जसा रांगोळीत. ‘रंगवणं’ या सगळ्यांहून मोठं. त्यात भरणं, छटा, उजेड सगळं येतं, शिवाय नट भूमिका रंगवतो आणि गवई मैफल रंगवतो. म्हणून मी असं लिहीन: ‘बेडकाच्या अंगात हिरवा रंग भरा’, आणि सगळं झाल्यावर ‘तुमचा बेडूक रंगवून झाला’. एका पायरीला ‘रंगवा’ लिहू नका, मूल तिथेच पूर्ण चित्र संपवायला बघेल.

रांगोळीची आठवण आणखी एका कारणासाठी. ठिपके, मग रेघा, मग रंग आणि शेवटी रंगाने झाकलेली रेघ पांढऱ्याने पुन्हा उठवायची, हा क्रम बहुतेक मुलांच्या डोळ्यांखालून गेलेला असतो. ‘रेघ उठवणं’ हा शब्दही तिथलाच आणि पुस्तिकेत जरूर घ्या. कार्टूनची शेवटची नजर रेघेवरच फिरवायची असते.

जुना कंपोझिटर
‘व्यंगचित्र’ नको असं माझं स्पष्ट मत. मराठीत ‘व्यंग’ म्हटलं की आधी उणीव, दोष आठवतो. संस्कृतातला ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ, त्याचा ‘य’ बोलण्यात गळला आणि दोन अर्थ एकमेकांत मिसळले. राजकीय चित्राला ‘व्यंगचित्र’ शोभतं, कारण तिथे कुणाचं तरी व्यंग दाखवायचं असतं आणि आडून काही सुचवायचंही असतं. ‘मार्मिक’ १९६० साली निघालं, त्यातल्या चित्रांना दुसरा शब्द शोभलाच नसता. शि. द. फडणीसांची शब्दांवाचून बोलणारी चित्रं पाहिली की मात्र ‘हास्यचित्र’ हाच शब्द तोंडात येतो. त्यात कुणाला टोचलेलं नसतं. एखाद्या माणसाच्या चेहऱ्यातलं वैशिष्ट्य वाढवून काढलं तर ‘अर्कचित्र’, आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण त्या माणसाचा अर्क काढलेला असतो.

छत्रीवाला बेडूक यांपैकी कशातच बसत नाही. तो ना टीका करतो, ना कुणासारखा दिसतो. त्याला ‘कार्टून’च म्हणा, तो शब्द मुलांच्या घरचा झाला आहे. ‘कार्टून कॅरेक्टर’ला ‘कार्टूनमधलं पात्र’ पुरे. ‘व्यक्तिरेखा’ हा सुंदर शब्द आहे, त्यात ‘रेखा’ही आहे, पण तो स्वभावाकडे झुकतो. बेडूक छत्री घेऊन का फिरतो हे ठरलं की तो व्यक्तिरेखा होईल.

आणि एक गंमत. कार्टून हा शब्द इटालियन ‘कार्तोने’वरून आला, म्हणजे जाड कागद. भिंतीवर किंवा गालिच्यासारख्या विणकामात चित्र उतरवण्याआधी त्या मापाचं पूर्ण चित्र कागदावर काढत, त्याला कार्टून म्हणत. इटालियन चित्रकार राफाएलची अशी सात कार्टून्स लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८४३ साली वेस्टमिन्स्टरच्या नव्या संसदभवनातल्या भित्तिचित्रांसाठी अशाच कच्च्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा ‘पंच’ साप्ताहिकाने त्याची टर उडवत स्वतःच्या टीकाचित्रांना ‘कार्टून’ म्हणायला सुरुवात केली आणि शब्दाचा अर्थच फिरला.

जुन्या अर्थाला आपल्याकडे चोख शब्द आहे, ‘खाका’. लघुचित्रं काढणारे कारागीर कागदावरच्या रेघांना सुईने भोकं पाडत, खाली दुसरा कागद ठेवून वरून कोळशाची पूड आपटत आणि ठिपक्यांनी आकृती खाली उतरे. तो भोकांचा कागद म्हणजे खाका. राफाएलच्या काळी तिकडेही हीच युक्ती चालायची. रेघोटीताई, तुमच्या पुस्तिकेत पेन्सिलीच्या कच्च्या चित्राला ‘खाका’ म्हणा. ‘रफ स्केच’पेक्षा नेमका आहे, कारण त्याच्यावरून पुढचं चित्र उतरवायचं असतं.

रेघोटी
खाका घेतला! ‘खाक्यावरून गिरवा’, किती सरळ वाक्य झालं. आता लेअर. थर, स्तर, पदर, पापुद्रा?

खारूताई
मी कॉमिक्सची पानं रंगवण्याचं काम करते, त्यामुळे यावर बोलायला हवंच. ‘स्तर’ नको. तो समाजाचा असतो, शिक्षणाचा असतो. ‘पापुद्रा’ सोलला जातो, परत बसत नाही. ‘पदर’ पोळीचे छान सुटतात, पण त्यांना वरखाली करता येत नाही. ‘थर’ बरा. दहीहंडीमुळे मुलांना वरचा थर, खालचा थर हे पाठ असतं. फक्त एक समजुतीची चूक होऊ शकते: हंडीत खालचा थर काढला की वरचे कोसळतात. इथे खालचा थर पुसला तरी वरचा तसाच राहतो. एवढं एक वाक्य पुस्तिकेत टाका आणि पहिल्यांदा ‘थर, म्हणजे पडद्यावरचा लेअर’ असं लिहून पुढे थरच वापरा.

थरांची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. ॲनिमेशनचे जुने स्टुडिओ पात्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर काढायचे, त्याला ‘सेल’ म्हणत. शाईची रेघ तावाच्या पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या बाजूला. त्यामुळे रंग जरा इकडेतिकडे गेला तरी रेघ झाकली जात नसे. खाली पार्श्वभूमीचं चित्र वेगळं, त्यावर हे सेल एकावर एक. १९९०च्या सुमारास डिस्नेने हे शाई-रंगाचं काम संगणकावर नेलं. फोटोशॉपमध्ये लेअर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. रेघ वर, रंग तिच्या खालच्या थरावर हा आजचा नियम म्हणजे तावाची तीच पुढची-मागची बाजू आहे.

‘फ्लॅट कलर’ला ‘सपाट रंग’ म्हणा. बाईंच्या इंटरमिजिएटच्या मुलांना हा शब्द संकल्पचित्रामुळे माहीत असतो: पोस्टर कलर, ब्रशचा फटकारा दिसू द्यायचा नाही, एका आकारात एकच रंग. कॉमिक्सच्या धंद्यात तर सपाट रंग भरून देणारा माणूसच वेगळा असतो. तो अंग, छत्री, बूट यांचे रंग वेगवेगळे करून देतो, म्हणजे पुढच्याला एका क्लिकमध्ये फक्त छत्री निवडता येते.

शाईपेन
बकेट फिलने, म्हणजे एका क्लिकमध्ये बंद आकारात रंग ओतणाऱ्या बटणाने, रंग भरताना दोन गोष्टी हमखास होतात, त्यांना मी शब्द शोधतोय. एक म्हणजे सगळं पान हिरवं होतं. दुसरं म्हणजे रेघेला लागून पांढरी बारीक कड राहते.

खारूताई
पहिल्याला आम्ही ‘रंग सांडला’ म्हणतो. रेघेत कुठेतरी ‘फट’ राहिलेली असते. ‘गॅप’ लिहू नका, फट म्हणजे फट. झूम करून फट बुजवायची आणि पुन्हा भरायचं. गिंपच्या बकेटमध्ये २०१९ पासून रेघा ओळखून रंग भरण्याची सोय आहे. ती छोट्या फटी आपणहून बुजलेल्या धरते, आणि किती मोठी फट बुजवायची तेही सांगता येतं. क्रिटामध्ये २०१८ पासून वेगळी रीत आहे: प्रत्येक भागात त्या रंगाची नुसती एक रेघोटी ओढायची, बाकी भरण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. तिचं नाव पडद्यावर ‘कलराइझ मास्क’ आहे, पण मुलांना ‘रंगाची खूण करा’ एवढंच सांगा.

पांढऱ्या कडेचं कारण समजावून सांगण्यासारखं आहे, मुलांना आवडतं. पडद्यावरचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं. तिरकी काळी रेघ पायऱ्यांसारखी दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर तिच्या कडेला करडे ठिपके घालतं, काळ्या-पांढऱ्याच्या मधले. बकेट फक्त पांढऱ्याशी मिळतेजुळते ठिपके हिरवे करते, करडे तसेच सोडते. तीच ती कड. उपाय दोन. बकेटची सूट वाढवायची, म्हणजे थ्रेशोल्ड किंवा टॉलरन्स (‘सूट’ हा शब्द इथे मला फार नेमका वाटतो: किती वेगळा रंग चालवून घ्यायचा याची सूट). किंवा निवडलेला भाग एक-दोन ठिपक्यांनी फुगवून रेघेच्या खालच्या थरावर रंग भरायचा. रंगाची कड रेघेच्या पोटाखाली जाते आणि दिसत नाही.

जुना कंपोझिटर
‘कड रेघेच्या पोटाखाली घेणं’, हे मी छापखान्यातही करायचो. दोन रंगांचे ठसे जरा सरकले तर मध्ये पांढरं दिसतं, म्हणून फिका रंग गडद रंगाखाली थोडा घुसवून ठेवायचा.

रेघोटी
शेडिंगसाठी ‘छटा’ लिहिलं होतं. बरोबर?

ड्रॉइंगच्या बाई
नाही, आणि इथे जरा थांबूया, कारण मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्ही उपयोगाचे आहेत. ‘छटा’ म्हणजे एकाच रंगाचं दुसरं रूप: पोपटी, शेवाळी, हिरवट. ‘छाया’ म्हणजे वस्तूच्या अंगावरचा उजेड न पोचलेला भाग, बेडकाच्या पोटाखालचा. ‘पडछाया’ म्हणजे ती वस्तू दुसऱ्या कशावर पाडते ती सावली, छत्रीची बेडकाच्या डोक्यावर. मुलं छाया आणि पडछाया एकाच करड्या रंगाने काढतात आणि चित्र मळकं दिसतं. शब्द वेगळे दिले की डोळा वेगळं बघायला लागतो. पोटाखालची छाया गडद हिरवी, जमिनीवरची पडछाया जमिनीच्या रंगाची पण काळसर.

दुसरी गल्लत ‘ओपॅसिटी’ची. ‘अपारदर्शकता’ कुणी लिहू नये. ‘गडद-फिका’ ही रंगाची एक जोडी आणि ‘दाट-पातळ’ ही वेगळी जोडी. जलरंगात पाणी वाढवलं की रंग पातळ होतो, खालचा कागद दिसायला लागतो. ओपॅसिटी म्हणजे हा दाटपणा. शंभर म्हणजे पूर्ण दाट, चाळीस म्हणजे पातळ. पातळ काळा आणि दाट करडा पांढऱ्या कागदावर सारखे दिसतील, हिरव्यावर नाही दिसणार. मुलांना हे करून बघायला लावा.

खारूताई
त्याला जोडून ‘मल्टिप्लाय’, म्हणजे वरचा थर खालच्या थरात मिसळण्याची एक रीत. हा शब्द ‘गुणाकार’ म्हणून सरळ शिकवा, कारण तिथे खरोखर गुणाकारच होतो. रंगाचा आकडा ० ते २५५. वरच्या आणि खालच्या थराचे आकडे गुणायचे आणि २५५ने भागायचं. वर पांढरा, म्हणजे २५५, तर खालचा आकडा जसाच्या तसा परत येतो. वर काळा, म्हणजे शून्य, तर उत्तर शून्य. म्हणून स्कॅन केलेला थर मल्टिप्लायवर ठेवला की पांढरा कागद नाहीसा होतो आणि रेघा उरतात. छायेचा थरही असाच ठेवतात: एकच फिका जांभळा सगळ्या रंगांवर फिरवला तरी खालचा हिरवा हिरवाच राहून गडद होतो. सातवीच्या मुलाला हे गणित येतं.

‘मास्क’, म्हणजे थराचा काही भाग झाकण्याची सोय, हा शब्द तसाच ठेवा. ‘मुखवटा’ चुकीचं चित्र उभं करतो, मुखवट्याला स्वतःचा चेहरा असतो. मास्क नुसता झाकतो.

रेघोटी
सगळ्यांचे शब्द घेऊन एक परिच्छेद लिहिला आहे, तपासा:

‘नवीन फाइल २४८० × ३५०८ ठिपक्यांची घ्या, म्हणजे ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने नीट छापता येईल. सगळ्यात खाली खाका ठेवा आणि त्याचा दाटपणा तीसवर आणा. वर कोरा थर घ्या आणि बेडूक गिरवा. अंगाची बाहेरची रेघ जाड, तोंडाची बारीक. फटी शोधून बुजवा. खाक्याचा थर मिटवू नका, फक्त त्याचा डोळा बंद करा. रेघेच्या खाली नवा थर घेऊन सपाट रंग भरा. त्यावर छायेचा थर मल्टिप्लायवर ठेवा. डोळ्यात चमक द्या, शेवटी जिथे रेघ दबली असेल तिथे ती उठवा. चित्र सेव्ह करा.’

ड्रॉइंगच्या बाई
छान. ‘डोळा बंद करा’च्या पुढे ‘थराच्या नावाशेजारचा’ घाला, नाहीतर मुलं बेडकाचा डोळा मिटतील.

शाईपेन
शेवटचं वाक्य दोन करा. गिंपमध्ये ‘सेव्ह’ केलं की फक्त एक्ससीएफ फाइल होते, तिच्यात थर शाबूत राहतात. आईला पाठवायला किंवा छापायला ‘एक्सपोर्ट’ करावं लागतं, त्यात थर एकत्र चिकटतात. मी लिहीन: ‘थरांसकट चित्र जपून ठेवा (सेव्ह). पाठवण्यासाठी त्याची पीएनजी प्रत काढा (एक्सपोर्ट).’ जेपेग नको, त्यात काळ्या रेघेभोवती डाग येतात आणि पारदर्शक जागा पांढरी होते.

रेघोटी
‘प्रत काढा’ घेतलं. ‘डीपीआय’ला मात्र अजून शब्द नाही.

जुना कंपोझिटर
‘इंचाला ३०० ठिपके’.