रबरी मण्यार की कवड्या?

खानापूरकर: बोटभर लांबीचे २२ रबरी साप जमवलेत. परवा बेळगावात एक काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा मिळाला. पाकिटावर 'कॉमन क्रेट', म्हणजे आपली मण्यार. पण ह्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात नि शेपटीकडे विरत जातात. आमच्या कौलांत बिनविषारी कवड्या साप निघतो, तो असाच दिसतो. तुम्हाला काय वाटतंय?

निपाणीची ताई: दादा, बरोबर ओळखलंय तुम्ही. मण्यारीचे पट्टे मानेमागे बरंच अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीनं, नि शेपटीकडे ठळक असतात. भिंग असलं तर पाठीच्या मधल्या ओळीतले खवले बघा. मण्यारीत ते षटकोनी, बाकीच्यांपेक्षा मोठे. खऱ्या सापावर मात्र ही परीक्षा करू नका हो. कवड्या समजून मण्यार हातात घेतली की जीवावर बेततं.

कणकुंबीचा: माझ्या रबरी नागाचा चष्मा फडीच्या पुढच्या बाजूला रंगवलाय! तो पाठीमागे पाहिजे. घोणशीची बाहुली गोल केलीय, ती उभी चीर असते. याचा मला फार राग येतो, कारण पोरं हेच बघून साप शिकतात.

खानापूरकर: भिंगातून बघितलं ताई. मधले खवले बाकीच्यांएवढेच आहेत. खोक्यावरची चिठ्ठी बदलून 'कवड्या' लिहिली. आता मण्यारीची जागा रिकामी आहे. कुणाला नीट केलेली दिसली तर कळवा.