रिमोटची बगी १६ मिमीवर? आधी वावर पाहा, मग कॉलर फिरवा

धुरकरी:
रिमोट कंट्रोल गाड्यांच्या या गटात काल एकाने ठोकून दिलं की "वन-टेन (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) बगी १६ मिमीवर (जमिनीपासून चेसिसच्या पोटापर्यंतची उंची) आणा, अख्खं जग तिथेच चालवतं. आपल्याकडची पोरं गाडी बंडीएवढी उंच ठेवतात अन् उलटली की टायरला शिव्या देतात." गप्प बसणार होतो, पण खाली लगेच कॉलर (शॉकअपवरची, स्प्रिंग दाबून धरणारी आट्यांची रिंग) सैल केल्याचे फोटो यायला लागले, म्हणून लिहितो.

१६-१७ हा आकडा कार्पेटचा आहे. बंद हॉल, खाली गालिचा, उंचवटा म्हणजे लाकडी रॅम्प. पकड इतकी की गाडी घसरायच्या ऐवजी उलटते, म्हणून तिला खाली दाबतात. आपल्याकडे कपाशी निघाल्यावर मोकळं झालेलं वावर असतं. काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा, वरून ढेकळं अन् धसकटं. तिथे १६ वर चेसिसचं पोट टेकतं, चाकांवरचं वजन निघून जातं आणि मग ना स्टिअरिंग लागतं ना ब्रेक. सैल कोरड्या मातीवर टू-व्हील ड्राइव्ह बगी २४ ते २६ वर ठेवा, पाणी मारून बसवलेल्या मातीवर २० ते २२. वन-एट असेल तर २८ च्या आसपास.

मोजतानाही घोळ होतो. बॅटरी, बॉडी सगळं चढवायचं, काचेवर किंवा ओट्याच्या सपाट कडप्प्यावर गाडी एक वीत उंचीवरून सोडायची, थोडी पुढे-मागे ढकलायची आणि मग चेसिसच्या सपाट भागाखाली पुढचं आणि मागचं टोक मोजायचं. गेज नसेल तर लाइट फिटिंगच्या पाइपचे २० आणि २५ मिमीचे तुकडे चालतात. फक्त बाहेरचा व्यास आधी कॅलिपरने बघा, २० म्हणून १९ चा पाइप सर्रास गळ्यात मारतात.

खरं दुखणं कॉलरचं आहे. कॉलर कसली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. २५ गाठायला कॉलर कसत नेली तर शॉक उभ्या गाडीतच पूर्ण ताणलेला राहतो आणि ड्रूप, म्हणजे चाकाला खाली जायला उरलेली हालचाल, संपतो. खड्डा आला की चाक खाली जायच्या ऐवजी हवेत लटकतं. चाकाच्या एकूण हालचालीतला साधारण तिसरा हिस्सा खाली जायला शिल्लक हवा. कॉलर सात-आठ मिमी कसल्याशिवाय उंची येत नसेल तर स्प्रिंग बदला, कॉलरशी कुस्ती खेळू नका. उंची बदलली की कॅम्बरही (चाकाचं वरचं टोक आत-बाहेर किती झुकलंय तो कोन) हलतो, तो पुन्हा लावा. मागे उणे १ ते उणे २ अंश.

मुरूमसम्राट:
तो "एक" म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं होतं?

तुम्ही ट्रॅकचा आळस गाडीवर काढताय, एवढंच आहे हे. चाळलेला मुरूम दोन-तीन इंच पसरा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी रोलर फिरवा. मग १८ वर गाडी चालते की नाही ते सांगा. शंकरपटाची धाव धसकटात आखतात का कोणी? उंची वाढवली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणात गाडी जास्त झुकते, आतलं चाक सुटतं. ते झाकायला अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी तार) लावायचा, बारमुळे खडबडीत जागी चाकं एकमेकांना ओढतात, मग शॉकमध्ये घट्ट तेल भरायचं. एका चुकीवर चार चुका.

धुरकरी:
काल लिहिलं १६, आज १८ झालं. उद्यापर्यंत २० वर याल.

पऱ्हाटी:
मुरूम पसरवा म्हणे! बाप्पा, एक ट्रॉली मुरूम आणाले गेलं तर आधी रॉयल्टी भरा, नाही तं ट्रॉली अडकून पडते. खेळण्यासाठी कोन देते परवानगी? इथं घराच्या पायव्यात टाकाले मुरूम भेटून नाही राह्यला. ज्याच्या शेजारी खदान हाय त्यानंच असं ग्यान द्यावं.

अन् तुमी दोघंही उंचीवर भांडून राह्यले, शॉकअपमंधल्या तेलाचं कोनी बोलतच नाही. ट्रॅक्टरचं गिअर ऑइल भरा, १४० नंबर. लिटरभर घेतलं तं गावभरच्या गाड्याईले पुरते. सिलिकॉन तेलाच्या साठ मिलीच्या बाटलीले काहून पैसे घालाचे?

साडेतीनशे:
पऱ्हाटीभाऊ, हाच सल्ला वाचून लोक शॉक खराब करतात, म्हणून जरा सविस्तर.

४० अंशाला १४० नंबरचं तेल ३५०-४०० सीएसटीच्या (तेलाच्या घट्टपणाचं माप) घरात असतं हे खरं. म्हणून दुपारी ते बरोबर वाटतं. पण खनिज तेल थंडीत कसं वागतं ते बघा. डिसेंबरात सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश, एवढ्यातच त्याचा घट्टपणा चार-पाच पट बदलतो. सकाळी पिस्टन काकवीत फिरतो, दुपारी मोकळा होतो. त्याच फरकात सिलिकॉन तेल जेमतेम दीडपट बदलतं. पहिल्या हीटला (शर्यतीच्या फेरीला) लावलेलं सेटिंग तिसऱ्या हीटला कचऱ्यात.

उन्हाळ्याचा हिशेबही घ्या. २५ अंशाला ३५० असलेलं सिलिकॉन ४५ अंशाला २३५ च्या आसपास येतं. म्हणून चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात ५०० भरा, ते उन्हात साधारण ३३५ होतं, म्हणजे हिवाळ्यातलंच सेटिंग परत मिळतं. बाटलीवरच्या डब्ल्यूटी (वेट) नंबरवर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. टीम असोसिएटेडचं ३० म्हणजे ३५० सीएसटी, लोसीचं ३० म्हणजे ३३८. सीएसटी बघूनच घ्या.

पैशाचंच म्हणाल तर साधं सिलिकॉन तेल केमिकलवाल्यांकडे ३५० आणि १००० सीएसटी अशा ग्रेडमध्ये सुटं मिळतं, साच्यांना लावायला वापरतात तेच. वजनाने दोन भाग ३५० आणि एक भाग १००० मिसळलं की ५०० तयार. ४२५ हवं असेल तर साडेचार भागाला एक. हळू ढवळा अन् रात्रभर झाकून ठेवा, बुडबुडे जाऊ द्या.

पऱ्हाटी:
केमिकलवाला नागपुरात. आमच्याकडं पार्सल तालुक्यापुढं येत नाही, "पत्ता सापडला नाही" लिहून वापस. लिथियम बॅटरीचं तं नावच काढू नोका. अन् ते सीएसटी-फिएसटी, १४० वर गाडी पळून राह्यली की नाही एवढं सांगा.

साडेतीनशे:
पळते. ओ-रिंग फुगेपर्यंत पळते. शॉकमधल्या बऱ्याच ओ-रिंगा सिलिकॉन रबराच्या असतात, खनिज तेलात त्या फुगतात. शाफ्ट अडकायला लागतो, मग म्हणायचं कॉलर काम करत नाही.

मुरूमसम्राट:
मजा आहे. सिलिकॉन रबर सिलिकॉन तेलातही फुगतं, हे सोयीस्करपणे गाळलंत की. पऱ्हाटीला झोडपायचं म्हणून अर्धं शास्त्र सांगायचं?

साडेतीनशे:
फुगतं, मान्य. म्हणून तर रिंगा दर हंगामात बदलायच्या. नायट्राइल रबराच्या टाका, दोन्ही तेलांत टिकतात, फक्त शाफ्टवर किंचित घट्ट बसतात. फवारणी पंप किंवा जॅक दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात. शाफ्ट ३ मिमीचा आहे की साडेतीनचा ते मोजून जा, आणि जुनी रिंग सोबत न्या, जाडीही जुळली पाहिजे.

पऱ्हाटी:
म्हंजे नायट्राइल टाकली तं १४० चालते! एवढं बोलाले येवढा मोठा निबंध.

साडेतीनशे:
रिंग टिकते म्हटलं. तेल चालतं असं कुठे म्हटलं? वाचता येतं ना?

पऱ्हाटी:
वाचता येते, मिसळता बी येते. आता १४० मंधी ९० मिसळून हिवाळ्याचं बनवतो, पाह्यजा.

धुरकरी:
राजेहो, तेलावरून डोकी फोडायच्या आधी एक गोष्ट ऐका, कारण ती उंचीशीच जोडलेली आहे. घट्ट तेलाने उभ्या गाडीची उंची बदलत नाही, पण मोजणी खोटी येते, कारण गाडी बसायला वेळ लागतो. आणि अडकणाऱ्या रिंगने तर बसतच नाही. तपासायला सोपं आहे. गाडी दाबून हळूच सोडा, मोजा. मग चाकं जमिनीवरच ठेवून चेसिस वर उचला, हळूच सोडा, पुन्हा मोजा. दोन आकड्यांत १ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर कुठेतरी अडकतंय, कॉलरला हात लावू नका.

शॉक काढून आर्म (चाक धरणारा दांडा) सोडा, तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. आपल्याकडची काळी धूळ आर्मच्या पिनांमध्ये जाऊन बसते, त्यात तेल झिरपलं की पॉलिश पेपरसारखी घासते. पिन काढून पुसा, भोक घट्ट असेल तर त्याच मापाचं ड्रिल हाताने फिरवा, मशिनने नाही. पिनेवर तेल टाकू नका, कोरडी ठेवा. शॉकच्या शाफ्टला फुग्याचं तोंड कापून बूट घालतात, तेही चालतं, पण उन्हात रबर चिकट होऊन फाटतं.

दुसरं, डावा-उजवा. दोन्ही शॉकची लांबी एका टोकाच्या डोळ्यापासून (भोकापासून) दुसऱ्या टोकाच्या डोळ्यापर्यंत सारखी पाहिजे, नुसती कॉलर सारखी असून भागत नाही. नाकाखाली बरोबर मधोमध स्क्रूड्रायव्हर घालून उचला, दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी सुटली पाहिजेत. मागेही तसंच.

मुरूमसम्राट:
हे सगळं बरोबर आहे, आणि यातलं काहीही २४ मिमीच्या बाजूने नाही. उंची ठरते ती शॉक टॉवरच्या (शॉकचं वरचं टोक जिथे लागतं ती पट्टी) भोकांसकट. वरचं टोक आतल्या भोकात घेतलं की शॉक तिरपा होतो, सुरुवातीला मऊ लागतो अन् गाडी बसते. मग तुम्ही कॉलरने भरपाई करता. भोक कोणतं ते न सांगता आकडे फेकायचे, हीच माझी तक्रार आहे.

चौदावा भाग:
मधेच बोलतो. वन-फोर्टीनवाल्यांना पण हेच आकडे का? रेडीमेड गाडी आहे, कॉलरऐवजी प्लास्टिकचे स्पेसर आहेत.

धुरकरी:
नाही, वन-टेनचे आकडे तिथे लावू नका. मागच्या ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) जमिनीला समांतर दिसतील तिथून सुरुवात करा, पोट घासलं तर एकेक पातळ स्पेसर वाढवा, दोन्ही बाजूंना सारखा. कारखान्यातून शॉक बरेचदा अर्धे भरलेले येतात. उघडून तेल काठोकाठ भरा, पिस्टन हळू वर-खाली करून बुडबुडे काढा, दहा मिनिटं उभे ठेवा, मग झाकण लावा.

@मुरूमसम्राट, टॉवरचं भोक सांगायला हवं होतं, घ्या. मधलं भोक, आर्मवर बाहेरचं. आता १८ वर बसवून ढेकळात घालून दाखवा.

मुरूमसम्राट:
ढेकळात कशाला घालू? बरं, मुरूम नसलेल्या बिचाऱ्यांसाठी २१. नवीन पिनच्या (रबरी काट्यांच्या) टायरवर. पिन झिजल्या की आपोआप एक-दोन मिमी खाली येते, ते कोणी मोजत नाही अन् मग म्हणतात स्प्रिंग बसली.

धुरकरी:
२२.

मुरूमसम्राट:
पाणी मारलेल्या मातीवर २१. कोरड्यात हवं तेवढं चढवा, ट्रॅक्टरच लावा खाली.

पऱ्हाटी:
ट्रॅक्टरचं तेल तं आधीच लावलं हाय. साडेतीनशेभाऊ, पंपवाल्याकडं साडेतीनच्या रिंगा नाहीत, ३ च्या हायेत. ताणून बसवू काय?

साडेतीनशे:
नाही. ताणली की शाफ्ट अडकतो, वर लिहिलेल्या दाबून-सोडून चाचणीत लगेच दिसेल. जॅकवाल्याकडे विचारा.